सोप्या क्रमांकाचा मोह

हिंगोली जिल्ह्यात मैदान म्हटले की आधी कबड्डी आठवते, मग कुस्ती. फुटबॉल बघितला जातो तो बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर. तरी साखळी सामने संपत आले की वसमतच्या कट्ट्यावर काय किंवा कळमनुरीच्या चहाच्या टपरीवर काय, एक हिशेब हमखास ऐकू येतो: ‘आता पहिलं येण्यात काय अर्थ? तिसरं आलेलं बरं, समोर सोपा संघ येतो.’ गावच्या स्पर्धेत भाग्यपत्रिका चिठ्ठ्या टाकून ठरते. तिथे समोर कोण येणार हे नशिबावर असते, म्हणून असा हिशेब कुणी मांडत नाही. साखळीनंतर बाद फेरी असली की क्रमांक खेळून मिळतो, आणि खेळून मिळतो म्हणजे तो निवडताही येईल असे वाटू लागते. हा समज कितपत खरा, हे तपासायला इंडियन सुपर लीगचे 2014 ते 2024-25 हे अकरा हंगाम पुरेसे बोलके आहेत.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात लाडका समज असा की गुणतालिकेतला पहिला क्रमांक अपशकुनी असतो. त्याला आधार होता हे मान्य करायला हवे. पहिल्या चार हंगामांत साखळीत अव्वल आलेले संघ अनुक्रमे चेन्नईयन, एफसी गोवा, मुंबई सिटी आणि बंगळुरू एफसी. यांपैकी एकानेही त्या वर्षी करंडक उचलला नाही. 2015 मध्ये गोव्याचा संघ फातोर्ड्यात, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, तिसऱ्या क्रमांकावरून आलेल्या चेन्नईयनकडून अंतिम सामना 3-2 असा हरला. 2016 मध्ये अव्वल मुंबईला उपांत्य फेरीतच चौथ्या क्रमांकाच्या कोलकात्याने बाहेर काढले आणि पुढे करंडकही जिंकला. पण तेव्हा बाद फेरीत चारच संघ होते आणि चौघांनाही सारखेच सामने खेळावे लागत. चौघे अगदी तुल्यबळ धरले, म्हणजे प्रत्येकाची संधी चारात एक, तरी अव्वल संघ सलग चार वेळा हुकण्याची शक्यता तीनचतुर्थांशाचा चौथा घात, म्हणजे जवळजवळ 32 टक्के निघते. तीनात एकदा घडणाऱ्या गोष्टीला शाप म्हणण्याचे कारण नाही. 2018-19 मध्ये मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईकर राहुल भेकेने 117व्या मिनिटाला केलेल्या गोलावर बंगळुरूने गोव्याला हरवले आणि अव्वल संघ पहिल्यांदा विजेता ठरला. 2020-21 मध्ये मुंबई सिटीने आणि 2024-25 मध्ये मोहन बागानने तेच केले.

अकरा विजेत्यांचे साखळीतले क्रमांक एकत्र मांडले तर पहिल्या क्रमांकाचे तीन, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे तीन आणि चौथ्याचा एक अशी विभागणी होते. पाचव्या-सहाव्या क्रमांकावरून कुणीही जिंकलेले नाही; अर्थात त्यांना बाद फेरीचे दार उघडले तेच 2022-23 पासून. अकरा ही संख्या लहान आहे, आणि वरचे संघ मुळातच चांगले असतात म्हणून वर असतात, त्यामुळे यश क्रमांकाचे की संघाचे हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की खाली राहून फायदा झाल्याची कोणतीही खूण यात दिसत नाही.

खरा मुद्दा दिसतो तो सहा संघांच्या पद्धतीत. 2022-23 पासून पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात आणि तिसरा ते सहावा यांना आधी एक जास्तीचा बाद सामना खेळावा लागे: तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा. सोप्या प्रतिस्पर्ध्याची गोष्ट करणारे हा जास्तीचा सामना हिशेबात धरतच नाहीत. प्रत्येक लढत नाणेफेकीसारखी मानली तर थेट उपांत्य फेरीत गेलेल्या संघाला करंडकाची संधी चारात एक, बाकीच्यांना आठात एक. म्हणजे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घसरले की संधी निम्मी होते. आता सोपा प्रतिस्पर्धी आणून ती भरून काढायची, तर तो किती सोपा असायला हवा? समजा सहाव्या संघाला हरवण्याची शक्यता 80 टक्के धरली, उपांत्य फेरीतही मनासारखाच संघ मिळाला आणि तिथे 60 टक्के धरली, अंतिम सामना मात्र बरोबरीचा. गुणाकार 24 टक्के येतो. सगळे डाव मनासारखे पडूनही दुसऱ्या क्रमांकाच्या साध्या 25 टक्क्यांपर्यंत पोचता येत नाही.

हे केवळ कागदावरचे गणित आहे, मैदानावर तसे घडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मैदानाकडेच बघू. सहा संघांच्या पद्धतीतल्या तीन हंगामांत अंतिम फेरीच्या सहा जागा भरल्या. थेट उपांत्य फेरीत गेलेल्या सहा संघांपैकी तीन तिथे पोचले, म्हणजे निम्मे. जास्तीचा सामना खेळलेल्या बारांपैकी तीन, म्हणजे पाव. नाणेफेकीचे गणित हेच सांगत होते. इतके तंतोतंत जुळणे हा थोडा योगायोगच, पण दिशा स्पष्ट आहे: क्रमांकाचा मुख्य मोबदला एक सामना कमी खेळायला मिळणे हा आहे. समोर कोण येतो हे त्यामानाने दुय्यम.

दुसरा मोबदला घरच्या मैदानाचा, आणि त्याबद्दल उलट्या बाजूचा गैरसमज आढळतो. ‘चौथे काय नि पाचवे काय, सामना तोच’ असे म्हटले जाते. सामना तोच असला तरी तो वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होई. त्या तीन हंगामांतल्या सहा बाद सामन्यांपैकी पाच यजमानांनी जिंकले. अपवाद एकच, 2025 मध्ये पाचव्या जमशेदपूरने चौथ्या नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांच्या घरी 2-0 असे हरवले. बंगळुरूने तिसऱ्या क्रमांकावरून त्याच वर्षी मुंबई सिटीचा 5-0 असा फडशा पाडला तोही घरच्या मैदानावर. त्या हंगामात बंगळुरू, नॉर्थईस्ट आणि जमशेदपूर तिघांचेही 38 गुण होते. तिसरे, चौथे आणि पाचवे स्थान ज्यांच्यात इतक्या बारीक फरकाने वाटले गेले, त्यांनी ‘आपल्याला नेमके चौथेच यायचे आहे’ असे ठरवले असते तर ते साधणार तरी कसे? आपला एक सामना आपल्या हातात असतो. बाकीच्या मैदानांवर काय होणार ते नसते.

घरच्या मैदानाचा फायदाही नियम कसा लिहिला आहे त्यावर ठरतो, ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. 2022-23 मध्ये दोन टप्प्यांच्या उपांत्य फेरीचा पहिला टप्पा वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी झाला आणि निर्णायक दुसरा टप्पा खालच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी. 46 गुणांसह अव्वल आलेली मुंबई सिटी अंधेरीत 0-1 हरली, बंगळुरूत 2-1 जिंकली, आणि बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर 9-8 अशी बाहेर पडली. त्या पेनल्टी बंगळुरूच्या प्रेक्षकांच्या गदारोळात मारायच्या होत्या. पुढच्या दोन हंगामांत क्रम उलटला, दुसरा टप्पा वरच्या संघाच्या घरी आला. माझ्या मते तोच न्याय्य आहे. ज्यादा वेळ आणि पेनल्टी जिथे होऊ शकतात तो टप्पा ज्याने साखळीत कमावले त्याच्याच वाट्याला यावा.

याच 2022-23 च्या मुंबईचे उदाहरण देऊन तिसरा आक्षेप घेतला जातो, लयीचा. मुंबईने सलग 18 सामने अपराजित राहून दोन सामने हातचे ठेवूनच लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येण्याचा मान, जिंकली, मग ते दोन्ही सामने हरली आणि उपांत्य फेरीतूनही बाहेर पडली. उलट चौथ्या क्रमांकावरची बंगळुरू सामन्यामागून सामना जिंकत आली आणि अंतिम फेरीपर्यंत पोचली. म्हणून थेट प्रवेश मिळालेला संघ गंजतो आणि झगडत आलेला तापलेला असतो, असा निष्कर्ष काढतात. यात निवडीची चूक आहे. झगडत येऊन पहिल्याच बाद सामन्यात गारद झालेले केरळा ब्लास्टर्स, ओडिशा, चेन्नईयन हे आपण विसरतो आणि वाचलेल्याच्या लयीचे गोडवे गातो. शिवाय पुढच्याच वर्षीचा प्रसंग नेमका विरुद्ध बाजूचा आहे. 15 एप्रिल 2024 रोजी शेवटच्या साखळी सामन्यात मुंबईला शील्डसाठी फक्त बरोबरी पुरेशी होती; आपल्या घरच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानने 2-1 असे हरवून ती हिसकावली. लय मोडायला याहून मोठे निमित्त नको. मग उपांत्य फेरीत गोव्याविरुद्ध 90व्या मिनिटापर्यंत 0-2 मागे असलेल्या मुंबईने तो सामना 3-2 असा फिरवला, आणि 4 मे रोजी त्याच सॉल्ट लेकवर त्याच मोहन बागानला 3-1 हरवून करंडक नेला. अंतिम सामना बागानच्या घरी झाला तो त्यांच्या पहिल्या क्रमांकामुळे, आणि तरीही ते हरले. घरचे मैदान म्हणजे विजयाची हमी नव्हे, हेही इथे नोंदवायला हवे.

फुटबॉलमध्ये असे उलटफेर इतके का होतात, हे कबड्डीशी ताडून पाहिले की कळते. प्रो कबड्डीत नवव्या हंगामापासून अकराव्यापर्यंत साखळीत अव्वल आलेला संघच विजेता झाला: जयपूर पिंक पँथर्स, पुणेरी पलटण आणि हरियाणा स्टीलर्स. पलटणने 1 मार्च 2024 रोजी हरियाणाला हरवले ते 28-25 असे. म्हणजे एका सामन्यात 53 गुण झाले. चढाईमागून चढाई होते, एखादी पकड चुकली तरी भरून काढायला वेळ असतो, आणि सरस संघ हळूहळू पुढे सरकतो. फुटबॉलमध्ये दीड तासात दोन-तीन गोल होतात, त्यामुळे एक घसरलेला पाय किंवा पंचाचा एक निर्णय सगळे पालटू शकतो. तीन हंगाम म्हणजे पुरावा नव्हे, पण कारण समजण्यासारखे आहे. आणि त्यातून निघतो तो सल्ला उलटा आहे: ज्या खेळात सोपा संघही तुम्हाला हरवू शकतो, त्यात सोप्या संघासाठी जास्तीचा सामना ओढवून घेणे हा तोट्याचा व्यवहार.

प्रतिस्पर्धी निवडण्याचे प्रयत्न प्रत्यक्षात झालेले आहेत. 1998 च्या टायगर चषकात थायलंड आणि इंडोनेशिया दोघांनाही गटात पहिले यायचे नव्हते, कारण पहिल्याला हनोईत यजमान व्हिएतनामशी खेळावे लागणार होते. 2-2 अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी इंडोनेशियाच्या मुर्शिद एफेंदीने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात मारला. दोन्ही संघांना दंड झाला, एफेंदीवर आंतरराष्ट्रीय फुटबॉलची आजन्म बंदी आली. थायलंड व्हिएतनामकडून 0-3 हरले. आणि इंडोनेशियाने ज्याला सोपे समजून निवडले त्या सिंगापूरने त्यांना 2-1 हरवले आणि पुढे तो चषकच जिंकला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या मुद्दाम हरण्याचा खेळ केल्याबद्दल बाद ठरवल्या गेल्या. त्याच स्पर्धेत अश्विनी पोनप्पा आणि वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा यांची जोडी दोन सामने जिंकूनही गुणांच्या फरकाने बाहेर पडली. गटातल्या जपान-तैपेई सामन्यातही असेच झाल्याची भारताने केलेली तक्रार मान्य झाली नाही.

याचा अर्थ प्रशिक्षकाने शेवटच्या सामन्यात कुणालाच विश्रांती देऊ नये असा नाही. क्रमांक पक्का झाला असेल, पिवळ्या कार्डांमुळे एखादा बचावपटू निलंबनाच्या काठावर असेल, तर त्याला बसवणे हा शहाणपणा आहे. मैदानात उतरलेले अकरा जण जिंकायलाच खेळतात. गुन्हा तेव्हा होतो जेव्हा उतरलेल्यांना हरायला सांगितले जाते. शील्डचे स्वतःचे मोलही विसरू नये: 2019-20 ची शील्ड जिंकल्यामुळे एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, त्या वर्षी करंडक कोलकात्याने नेला तरी. शील्ड सोडून फक्त करंडकाचा विचार केला, तर प्रशिक्षकाने फळ्यावर लिहायच्या रेषा दोनच: दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली, आणि ती हातची गेली तर चौथ्या आणि पाचव्याच्या मधली.

एक फट मात्र नियमातच होती आणि ती दाखवायला हवी. पहिल्या संघाला चौथ्या-पाचव्यातला विजेता मिळे आणि दुसऱ्याला तिसऱ्या-सहाव्यातला. सहावा संघ जिंकला असता तर दुसरा आलेला संघ पहिल्यापेक्षा हलक्या क्रमांकाच्या संघाशी भिडला असता, म्हणजे वर येण्याची शिक्षाच. बाद सामन्यांनंतर उरलेल्यांतला सर्वांत खालचा संघ पहिल्याला द्यायचा, एवढ्या बदलाने ती बुजली असती. ओडिशा, चेन्नईयन आणि मुंबई सिटी हे तीन हंगामांतले तिन्ही सहावे संघ पहिल्याच सामन्यात हरले, त्यामुळे तो प्रश्न कधी उद्भवलाच नाही.