पडद्यावरील लढाई आणि स्थानकावरील प्रवासी

नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरचा दहशतवादी हल्ला महाराष्ट्राच्या बहुतेक भागाने पाहिला तो दूरचित्रवाणीवर. २६ तारखेच्या रात्री सुरू झालेली ही लढाई २९ च्या सकाळी संपली. या काळात कॅमेरा मुख्यतः खिळून राहिला तो ताजमहाल हॉटेलच्या धुमसत्या घुमटावर. आणि तेच साऱ्या लढाईचे चित्र ठरले.

यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षकाने वा कारकुनाने ताज पाहिलेले असते ते गेटवेच्या कठड्याशी उभे राहून, बाहेरून. छत्रपती शिवाजी टर्मिनस मात्र त्याच्या नित्य परिचयाचे. मंत्रालयातील काम असो की टाटा रुग्णालयातील आप्ताचे उपचार, त्या काळी यवतमाळकर धामणगावला वा बडनेऱ्याला गाडी धरी, ‘व्हीटी’ला उतरे, आणि परतीच्या गाडीची वाट पाहत तेथल्याच दालनात सामानाशेजारी अंग टाकी. लांब पल्ल्याच्या प्रवाशांच्या नेमक्या याच दालनात दहशतवाद्यांनी बेछूट गोळीबार केला. एकंदर १६६ मृतांपैकी पन्नासहून अधिक या एकाच स्थानकात पडले. कोणत्याही एका हॉटेलातील बळींपेक्षा ही संख्या मोठी होती.

मग कॅमेरा तेथून का हलला? स्थानकातील संहार मध्यरात्रीपूर्वीच आटोपला होता, आणि आटोपलेली गोष्ट ‘थेट’ दाखविता येत नाही. ज्वाळा, ओलीस, नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो यांत उत्कंठा होती. ती पाकिस्तानातील सूत्रधारांच्याही उपयोगी पडली. पडद्यावर दिसणाऱ्या हालचालींच्या आधारे ते हल्लेखोरांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब खटल्यातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना याबद्दल कठोर शब्दांत फटकारले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची सबबही मानली नाही. २०१५ साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणास बंदी आली.

कथा कोठे घडावी, हे मात्र कोणताही नियम ठरवीत नाही. २०१८ च्या ‘हॉटेल मुंबई’ने ते शीर्षकातच सांगून टाकले. २०२२ च्या ‘मेजर’चा नायक, संदीप उन्नीकृष्णन, ताजमध्येच धारातीर्थी पडलेला, तेथे तक्रारीस जागा नाही. राम गोपाल वर्मा यांच्या २०१३ च्या चित्रपटात स्थानकाचा प्रसंग आहे खरा. परंतु त्यातील प्रवासी बहुतांशी निनावी. ते कोसळण्यापुरतेच पडद्यावर येतात.

वस्तुतः त्या स्थानकात कथा नव्हती असे नाही. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षातून उपनगरी प्रवाशांना मागील बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना ध्वनिक्षेपकावरून देत राहिले. त्या ऐकून असंख्य माणसे वाचली. वृत्तपत्र-छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी डब्याच्या आडोशाने बंदूकधारी कसाबला टिपले. ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी जगाने पाहिले, आणि पुढे न्यायालयात ते पुरावा म्हणून दाखल झाले.