मेंदूज्वर बरा झाला, तरी मूल ऐकेनासे का होते?

औषधाने जंतू मेले, ताप उतरला, मूल घरी आले. काही आठवड्यांनी लक्षात येते की हाक मारली तरी ते वळून पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जिवाणूंमुळे होणाऱ्या मेनिंजायटिसमध्ये साधारण सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचपैकी एकाला कायमचे दुखणे राहते. वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या तरुणांनी यामागचे कारण समजून घ्यायला हवे.

मेंदूभोवतीच्या पाण्यात एरवी पांढऱ्या पेशी जवळपास नसतात. तिथे जिवाणू शिरला की शरीर लाखो पेशी धाडते. त्या जंतू मारतात, पण त्यांच्यातून बाहेर पडणारी तीव्र रसायने मेंदूच्या पेशींनाही जाळतात. सूज वाढते. कवटी ताणली जात नाही, त्यामुळे मेंदूवर दाब येतो. रक्तवाहिन्या सुजून रक्तपुरवठा तुटतो. हे पाणी आतल्या कानाशी जोडलेले असल्याने ऐकू येणे जाते, तर स्मरणशक्तीचा भाग दुखावल्यास शिकण्यात अडचण येते. अँटिबायोटिकने जिवाणू फुटले की त्यांच्या तुकड्यांमुळे ही प्रतिक्रिया आणखी भडकू शकते.

म्हणून डॉक्टर अनेकदा अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. युरोपातील ३०१ प्रौढ रुग्णांवरच्या २००२ च्या अभ्यासात त्यामुळे मृत्यूचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. आफ्रिकेतील मलावीत मात्र फायदा दिसला नाही. तिथले बहुतेक प्रौढ रुग्ण एचआयव्हीबाधित होते. त्यामुळे हे औषध कोणाला द्यायचे, हे डॉक्टरच ठरवतील. मेडिकलमधून आणून घरी देऊ नये.

आपल्या हातात तीन गोष्टी आहेत.

पहिली, लस. पेंटाव्हॅलंट लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, तर न्यूमोकोकल लस दीड व साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात मिळते. न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी लसीकरणात आहे. दोन्ही मोफत आहेत.

दुसरी, वेळ. ताप, उलट्या, मान आखडणे, झटके, गुंगी. तान्ह्या बाळाची टाळू फुगणे किंवा दूध न पिणे, असे काही दिसले की थेट मोठे रुग्णालय गाठा. कोल्हापुरात सीपीआर आहे. पाठीतले पाणी काढल्याने मूल लंगडे होते, हा गैरसमज आहे. मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली सुई घालतात. निदान त्याच तपासणीने पक्के होते.

तिसरी, पाठपुरावा. घरी सोडण्यापूर्वी किंवा चार आठवड्यांच्या आत कानाची तपासणी करून घ्या. आतल्या कानात हाड तयार होऊ लागले की कॉक्लियर इम्प्लांट बसवणे कठीण होते, म्हणून थांबू नका.

आपल्या वस्तीतल्या किती बाळांच्या लसी राहिल्या आहेत, याची यादी या आठवड्यात आशाताईंसोबत बसून करा. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर पाच मिनिटे हीच माहिती सांगा.