मासेमारी नौकेला एक इंजिन की दोन : बाह्य इंजिनांच्या निवडीचा तांत्रिक व व्यावहारिक विचार

प्रस्तावना

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन्ही शहरे अरबी समुद्रापासून चारशे ते पाचशे किलोमीटर अंतरावर आहेत. येथील मासेमारी म्हणजे मोर्शीजवळचा ऊर्ध्व वर्धा जलाशय, महानचे काटेपूर्णा धरण, तेल्हाऱ्याकडील वान प्रकल्प आणि गावोगावचे तलाव. भोई व ढीवर समाजातील मच्छीमार तेथे डोंग्यातून किंवा लहान होडीतून जाळे टाकतात व वल्ह्याने परततात. किनारा नजरेच्या टप्प्यात असल्याने इंजिन बंद पडण्याची भीती त्यांना फारशी नसते. कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराची स्थिती याहून सर्वस्वी भिन्न आहे. किनाऱ्यापासून वीस-तीस सागरी मैलांवर इंजिन थांबले तर वल्ही उपयोगाची नसतात आणि वारा जमिनीकडून वाहत असेल तर नौका क्षणाक्षणाला घरापासून दूर जात असते.

म्हणूनच नौकेच्या मागील फळीवर एक मोठे इंजिन बसवावे की दोन लहान, हा प्रश्न समुद्रावर जाणाऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा चर्चिला जातो. प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. एक बंद पडले तर दुसरे आहेच, तेव्हा दोन बरी. परंतु हे उत्तर जितके सोपे तितकेच अपुरे आहे. यंत्रशास्त्र, संभाव्यताशास्त्र व अर्थकारण या तीनही अंगांनी पाहिल्याशिवाय त्यातील खरी अडचण ध्यानात येत नाही.

बाह्य इंजिन आणि शिडाचा विसर

नौकेच्या बाहेर, मागील फळीला अडकवता येणारे व गरज पडेल तेव्हा उचलून घेता येणारे यंत्र म्हणजे बाह्य इंजिन, किनाऱ्यावरच्या बोलीत ‘आउटबोर्ड’. नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ च्या सुमारास त्याला व्यापारी यश मिळवून दिले. भारतात मासेमारीसाठी त्याचा मोठा प्रसार १९८० च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर झाला. आरंभी सात ते दहा अश्वशक्तीची इंजिने आली. पुढे पंचवीस आणि चाळीस अश्वशक्तीची आली. रिंग सीन जाळ्याच्या मोठ्या वल्लमांवर तर दोन-दोन, तीन-तीन इंजिने दिसू लागली. मात्र तेथे एकाहून अधिक इंजिने आली ती मुख्यतः माशांच्या थव्याला वेढा घालण्यासाठी वेग हवा म्हणून. सुरक्षितता हा त्यामागील पहिला हेतू नव्हता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात चित्र थोडे वेगळे आहे. येथील ट्रॉलर व डोल जाळ्याच्या मोठ्या नौका नौकेच्या पोटात बसवलेल्या डिझेल इंजिनावर चालतात. बाह्य इंजिने प्रामुख्याने रत्नागिरी व सिंधुदुर्गातील गिलनेटच्या फायबरच्या होड्यांवर आढळतात. जेथे धक्का नाही तेथे होडी वाळूवर ओढून घ्यावी लागते आणि इंजिन उतरवून माणसांच्या खांद्यावरून न्यावे लागते. चाळीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन सत्तर किलोहून अधिक भरते. अशी दोन इंजिने रोज उतरवायची म्हणजे श्रमही दुप्पट. तांत्रिक पुस्तकांत सहसा न येणारे हे कारण किनाऱ्यावर निर्णायक ठरू शकते.

येथे एका जुन्या गोष्टीची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. इंजिन आले तेव्हा शीड व वल्ही होडीतच होती. म्हणजे प्रत्येक होडीला दुसरे ‘इंजिन’ आपोआपच होते, तेही पहिल्याशी कसलाही संबंध नसलेले. पुढे इंजिनावरील विश्वास वाढला, शीड घरी राहू लागले आणि नव्या होड्यांत तर डोलकाठीची सोयच उरली नाही. दोन इंजिनांचा आजचा प्रश्न काही अंशी या विसराने निर्माण केलेला आहे.

संभाव्यतेचे गणित

समजा, एका फेरीत एक इंजिन बंद पडण्याची शक्यता दोनशेत एक आहे. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) वर्षाला दीडशे फेऱ्या होतात असे मानले, तर एक इंजिन असलेली नौका सरासरी सोळा महिन्यांतून एकदा समुद्रात थांबेल. आता अशीच दोन इंजिने बसवली आणि ती परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र आहेत असे मानले, तर एकाच फेरीत दोन्ही बंद पडण्याची शक्यता चाळीस हजारांत एक इतकी घटते. दीडशे फेऱ्यांच्या हिशेबाने असा प्रसंग अडीचशेहून अधिक वर्षांत एकदा यावा. दोन इंजिनांचे समर्थक या गणितावर विसंबतात.

त्याच गणिताची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. दोहोंपैकी किमान एक इंजिन बिघडण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे वर्षाला सरासरी दीड वेळा दुरुस्ती. इंजिने वाढली की बिघाडही वाढतात. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग यांनी अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडला तो एकाच इंजिनाच्या विमानातून, आणि तोही जाणीवपूर्वक. इंधनाने पुरेपूर भरलेले विमान उरलेल्या इंजिनांवर तरणार नसेल, तर अधिक इंजिने म्हणजे बिघाडाच्या अधिक संधी, असा तो विचार होता. पुढे उलट टोकाचा प्रवासही झाला. इंजिनांची विश्वासार्हता व प्रणालींची स्वतंत्रता सिद्ध झाल्यावर १९८५ पासून दोन इंजिनांच्या प्रवासी विमानांना जवळच्या विमानतळापासून दोन तासांच्या अंतरापर्यंत समुद्रावरून उडण्याची मुभा मिळू लागली. दोन्ही उदाहरणांत केवळ इंजिनांची संख्या मोजलेली नाही. एक गेल्यावर उरलेले काम भागवते काय आणि दोन्ही एकाच कारणाने जाणार नाहीत ना, हे प्रश्न तेथे विचारलेले आहेत.

यांतील दुसरा प्रश्न वऱ्हाडातील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवर दोन विद्युत पंप बसवले, परंतु दोन्ही एकाच फीडरवर असले, तर भारनियमनाच्या वेळी दोन्ही एकदमच थांबतात. नौकेवरही हेच घडते. दोन्ही इंजिने एकाच टाकीतून पेट्रोल घेत असतील आणि त्या टाकीत पाणी शिरले असेल, तर पहिल्यापाठोपाठ काही मिनिटांत दुसरेही थांबते. एकच बॅटरी, एकच गाळणी, एकाच कॅनमधील निकृष्ट तेल, एकाच दिवशी राहून गेलेली देखभाल, ही सारी सामायिक कारणे होत. वरील उदाहरणात बिघाडांपैकी केवळ एक-पंचमांश बिघाड असे सामायिक आहेत असे धरले, तरी दोन्ही इंजिने बंद पडण्याची शक्यता हजारात एक इतकी होते. अडीचशे वर्षांचा दिलासा सुमारे पावणेसात वर्षांवर येतो. एका इंजिनाच्या तुलनेत हा लाभ पाचपट आहे व तो नगण्य नाही. पण दुकानात दाखवले जाते ते स्वप्न हे नव्हे. स्वतंत्र टाक्या, स्वतंत्र गाळण्या व स्वतंत्र बॅटऱ्या नसतील तर दुसऱ्या इंजिनावर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो.

(सांख्यिकीच्या वर्गात ‘स्वतंत्र घटना’ ही संकल्पना नाणेफेकीच्या उदाहरणाने शिकवण्याची प्रथा आहे. नाणी खरोखरच स्वतंत्र असतात. यंत्रे तशी असतीलच असे नाही, हे विद्यार्थ्याच्या मनावर ठसवण्यास हे उदाहरण अधिक उपयोगी ठरावे.)

एकाच इंजिनावर परतताना

पंचवीस फूट जलरेषेची होडी घेतली, तर पाणी कापत जाताना तिचा स्वाभाविक वेग ताशी सुमारे ६.७ सागरी मैल इतकाच असतो. जलरेषेच्या लांबीच्या फुटांतील वर्गमुळाला १.३४ ने गुणले की हा अंदाज मिळतो. याहून वेगाने जायचे तर होडीने पाण्यावर उचलून घसरत जावे लागते व त्यासाठी शक्ती कितीतरी अधिक लागते. दोन इंजिनांची नौका दोहोंच्या बळावर ताशी वीस मैलांनी घसरत जात असेल, तर तीस सागरी मैल, म्हणजे साडेपंचावन्न किलोमीटर, दीड तासात कापते. एक इंजिन बंद पडताच ती सहसा पुन्हा पाण्यात बसते. तेच अंतर साडेचार तासांचे होते. दुपारी एक वाजता परतायला निघालेली नौका अडीचऐवजी साडेपाचला पोहोचते. हिवाळ्यात म्हणजे अंधार पडता पडता. तरीही ती पोहोचते, आणि मूळ प्रश्न तोच आहे.

येथे आणखी एक अडचण उद्भवते. प्रत्येक इंजिनाचा पंखा, दोन्ही इंजिने चालू असतील असे गृहीत धरून निवडलेला असतो. एकट्या इंजिनावर संपूर्ण भार आला की तो पंखा त्याला जड पडतो. इंजिनाचे फेरे वाढत नाहीत व ते तापते. अशा वेळी वेगाचा हव्यास सोडून हळू चालणे आणि बंद इंजिन पाण्याबाहेर उचलून ठेवणे आवश्यक असते. ते पाण्यातच राहिले तर त्याचा अवरोध चालू इंजिनाला सोसावा लागतो. शिवाय जोर एका बाजूने लागत असल्याने नौका दुसरीकडे वळू पाहते व सुकाणू सतत धरून ठेवावे लागते. बैलजोडीतला एक बैल लंगडा झाला तर वखर थांबतो. नौका थांबत नाही, एवढाच काय तो फरक.

वजन, इंधन आणि जाळे

साठ अश्वशक्तीची दोन फोर-स्ट्रोक इंजिने मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतात, तर एकशे पंधरा अश्वशक्तीचे एक इंजिन पावणेदोनशेच्या घरात असते. हा जादा भार नेमका मागील टोकावर येतो व नौकेची नाळ वर उचलली जाते. त्यात मासळी व बर्फाचा भार मागेच असेल, तर मागून येणारी लाट आत शिरण्याचा धोका वाढतो. पाण्यात दोन खालचे दांडे व दोन पंखे असल्याने अवरोध वाढतो. एक मोठा पंखा दोन लहान पंख्यांहून बहुधा अधिक कार्यक्षम असतो. परिणामी समान शक्तीच्या एका इंजिनाहून जोडीचा इंधनखर्च सामान्यतः जास्त येतो. चाळीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण अठरा ते वीस लिटर इंधन पिते; फोर-स्ट्रोक त्याहून पुष्कळ कमी. ज्याचे जुने टू-स्ट्रोक इंजिन आहे, त्याने त्याच्याच जोडीला दुसरे घेण्यापेक्षा एकच नवे फोर-स्ट्रोक घेणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

जोडीचा एक निर्विवाद लाभ म्हणजे वळण. एक इंजिन पुढे व एक मागे चालवून नौका जागच्या जागी फिरवता येते. गर्दीच्या बंदरात हे सुख मोठे असते. परंतु गिलनेट ओढताना तेच दोन पंखे जाळ्याच्या दुप्पट जवळ असतात. समुद्रात तरंगणाऱ्या टाकाऊ दोऱ्या व प्लास्टिकच्या पिशव्या थंड पाण्याच्या वाटा बंद करतात, आणि हा बिघाडही दोन्ही इंजिनांना एकाच पट्ट्यात गाठू शकतो.

तिसरा पर्याय

एक मुख्य इंजिन आणि शेजारी आठ-दहा अश्वशक्तीचे, हाताने सुरू होणारे, स्वतःची टाकी असलेले लहान इंजिन, ही रचना गिलनेटच्या होडीसाठी सर्वाधिक विचारार्ह आहे. शांत पाण्यात ते पंचवीस फुटी होडी ताशी पाच मैलांनी नेऊ शकते. तीस मैलांना सहा तास. ते बॅटरीवर अवलंबून नसते व मुख्य इंजिनाच्या तेलावरही नसते. म्हणजे जुन्या शिडाची भूमिका बव्हंशी तेच पार पाडते. उलट्या वाऱ्यात व उसळत्या समुद्रात मात्र ते अपुरे पडते, हे मान्य केले पाहिजे. दुसरा दोष यंत्राचा नसून माणसाचा आहे. महिनोन्‌महिने न चालवलेले इंजिन नेमके गरजेच्या दिवशी सुरू होत नाही. प्रत्येक फेरीत दहा मिनिटे ते चालवून पाहणे हा नियम न पाळणाऱ्याने ते घेऊच नये. ज्यांना नित्य तीस मैलांपलीकडे जायचे आहे, ज्यांच्या नौकेची मागील बाजू रुंद व भक्कम आहे आणि ज्यांना धक्क्याची सोय आहे, त्यांच्यासाठी स्वतंत्र टाक्यांसह दोन समान इंजिने योग्य ठरतात. बारा मैलांच्या राज्य जलधीत राहणाऱ्याला त्यांची गरज सिद्ध करणे कठीण आहे.

येथे कोणी विचारील की, पोटात एकच डिझेल इंजिन असलेले ट्रॉलर दिवसेंदिवस समुद्रात राहतात, ते कसे? डिझेल इंजिनाला ठिणगीची यंत्रणा लागत नाही, नौकेवर इंजिन जाणणारा माणूस असतो आणि तांडेल सहसा एकटा जात नाही. हाकेच्या अंतरावर दुसरी नौका असते. म्हणजे ‘दुसरे इंजिन’ शेजारच्या नौकेत असते. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात केरळ-तमिळनाडूच्या साठहून अधिक नौका सिंधुदुर्गातील देवगडच्या आश्रयाला आल्या. त्यांची इंजिने चालू होती म्हणून त्या पोहोचल्या. परंतु त्याच वादळात न परतलेल्यांपुढील मोठी अडचण खोल समुद्रात इशारा न पोहोचण्याची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाधारित ट्रान्सपॉन्डर बसवण्याची जी योजना सुरू झाली, ती या उणिवेला उत्तर देणारी आहे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही किनाऱ्याच्या टप्प्यात उपयोगी पडतो. दुसऱ्या इंजिनासाठी कर्ज काढणाऱ्याने आधी संपर्कसाधन, नांगराचा पुरेसा लांब दोर व प्रत्येक खलाशासाठी जीवरक्षक जाकीट यांचा हिशेब मांडावा.

शेवटच्या वस्तूचे मोल समजण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटून अकरा जणांना प्राण गमवावे लागले. तेथे प्रश्न इंजिनांच्या संख्येचा नव्हताच. होडीत किती माणसे बसावीत आणि प्रत्येकाच्या अंगावर काय असावे, हे ठरवण्याचा क्षण काठावरच येऊन गेलेला असतो. ऊर्ध्व वर्धा असो वा देवगड, तो क्षण होडी पाण्यात ढकलण्यापूर्वीचाच असतो.