पिल्लाला गॅस होतो? दोष भाकरीचा नाही, दुधाचा

सोलापुरात कुणी कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं, की त्याच्यापुढे पहिली वाटी येते ती दूध-भाकरीची. चार दिवसांत पोट गुडगुडायला लागतं, शी पातळ होते आणि पिल्लू जवळ आलं की घरचे नाक दाबतात. मग शेजारपाजारचं निदान ठरलेलं: ‘ज्वारीची भाकरी बाधली. भाकरी बंद करा, नुसतं दूध पाजा.’ हा सल्ला नेमका उलटा आहे आणि त्यापायी पिल्लांचे हाल होतात.

‘आईचं दूध पचतं, मग म्हशीचं का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. पण दोन्ही दुधांची घडणच वेगळी आहे. कुत्रीच्या दुधात लॅक्टोज ही साखर साधारण ३ ते ३.५ टक्के असते, गाई-म्हशीच्या दुधात पावणेपाच ते पाच टक्के. प्रथिनं मात्र कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त. लॅक्टोज पचवायला लॅक्टेज नावाचं विकर लागतं. पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न चाखू लागतं, सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत आईचं दूध सोडतं आणि पुढे हे विकर कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते. तिथले जीवाणू ती आंबवतात, त्यातून वायू तयार होतो. शिवाय ही साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून शी पातळ होते.

‘आम्ही पाणी घालून देतो की!’ त्यानं साखर कमी होते, तसं पोषणही कमी होतं. पिल्लाचं पोट पाण्यानं भरतं, अंगी काही लागत नाही.

आता भाकरीबद्दल. कुत्रा पिठूळ अन्न पचवूच शकत नाही, हे खरं नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या दारात राहून कुत्र्याचं पोट आपल्या अन्नाला सरावलं आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची मऊ भाकरी पाण्यात कुस्करून थोडी दिली तर बिघडत नाही. मात्र वाढत्या पिल्लाचं निव्वळ भाकरीवर भागत नाही. पिल्लांसाठीचं तयार खाद्य किंवा पशुवैद्यकानं ठरवून दिलेला, अंडं-चिकन असलेला आहार हवाच.

आई नसलेल्या, डोळेही न उघडलेल्या पिल्लाला दूध लागतंच. पण ते पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरचं, आणि पाजायचं पालथं ठेवून. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘पोट गोल, म्हणजे पिल्लू गुबगुबीत.’ बरगड्या दिसतात आणि पोट तेवढं फुगलेलं असेल, तर ते बहुधा जंत. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून जंताचं औषध सुरू करतात. याच जंतांची अंडी मुलांच्या पोटात गेली तर त्यांनाही बाधतात.

‘भराभर खातं, म्हणजे भूक चांगली.’ तोंड वाटीत खुपसून न चावता गिळणारं पिल्लू अन्नाबरोबर हवाही गिळतं. पसरट ताटात, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या.

‘डाळीचं पाणी हलकं असतं.’ डाळीतल्या काही शर्करा कुत्र्याला पचत नाहीत, त्यांचाही वायूच होतो.

‘शेंगाचटणी थोडी चालते.’ मुळीच नाही. तिच्यात लसूण असतो. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आमटीतलेसुद्धा.

‘नवं खाद्य मानवलं नाही.’ एका दिवसात बदललं तर मानवणार कसं? जुन्यात नवं मिसळत आठवडाभरात बदला.

‘कोळसा चारला की गॅस जातो.’ २००१ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात कोळसा, युक्का आणि झिंक अ‍ॅसिटेट यांच्या मिश्रणानं घाण वास कमी झाला, वायू सरण्याचं प्रमाण नाही. तो प्रयोगही मोठ्या कुत्र्यांवरचा. चुलीतला कोळसा पिल्लाला देऊ नका.

उपाय साधाच आहे: दूध थांबवा, स्वच्छ पाणी ठेवा, जंताचं औषध वजनाप्रमाणे पशुवैद्यकाकडून घ्या. दुधाचाच त्रास असेल तर काही दिवसांत उतरतो.

पण पोटावरून हात फिरवून पाहा. ते ढोलासारखं ताणलेलं लागलं, पिल्लू कोरडे उमासे काढत असलं, उलट्या होऊन मलूल पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर तो गॅस समजू नका. लस न झालेल्या पिल्लात हा पार्व्हो नावाचा विषाणूजन्य आजारही असू शकतो. तेव्हा हिंग-ओव्याचे प्रयोग करत सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. पार्व्होत शरीरातलं पाणी झपाट्यानं जातं आणि वेळेवर सलाइन लागलं तर पिल्लू वाचू शकतं.