एफए चषक चौथी पात्रता फेरी

एफए चषक चौथी पात्रता फेरी ही इंग्लंडमधील एफए चषक फुटबॉल स्पर्धेच्या पात्रता टप्प्यातील शेवटची फेरी आहे. ती साधारणतः ऑक्टोबर महिन्यात खेळवली जाते.

स्वरूप

इंग्लिश फुटबॉलमधील वरच्या चार श्रेण्यांबाहेरील संघांना नॉन-लीग संघ म्हणतात. या फेरीतील प्रत्येक सामना अशाच दोन संघांत होतो. पाचव्या श्रेणीतील नॅशनल लीगचे संघ येथूनच स्पर्धेत उतरतात. खालच्या श्रेण्यांतील संघांना आधीच्या फेऱ्या जिंकून यावे लागते. ३२ विजेते पहिल्या मुख्य फेरीत जातात. तेथे लीग वन व लीग टूमधील ४८ संघ दाखल होतात.

महत्त्व

पराभूत संघाची त्या हंगामातील वाटचाल येथेच संपते. विजेत्याला बक्षिसाची रक्कम मिळते आणि पुढे मोठ्या संघाशी गाठ पडल्यास तिकीटविक्रीतील वाटाही मिळू शकतो. प्रीमियर लीगचे संघ तिसऱ्या मुख्य फेरीपासून खेळतात.

२०१६–१७ च्या हंगामात लिंकन सिटीला या फेरीत गाइझली संघावर मात करण्यासाठी फेरसामना खेळावा लागला. पुढे प्रीमियर लीगमधील बर्नलीला हरवून लिंकनने उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९१४ नंतर तेथवर पोहोचलेला तो पहिला नॉन-लीग संघ ठरला. त्या फेरीत आर्सेनलने त्याचा ५–० असा पराभव केला.