शेगडीचा जेट आणि बटाट्याची तोफ

सुरतेत लिंबायत-उधन्याकडच्या एखाद्या खानदेशी घरात सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला, की बसवायला आलेला माणूस शेगडी उघडून आतला इवलासा पितळी जेट काढतो आणि त्या जागी जरा मोठ्या भोकाचा बसवतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. तेवढ्याच आकारमानाचा पाइपातला मिथेन जाळला तर उष्णता निम्म्याहून कमी मिळते, म्हणून तो जास्त सोडावा लागतो. उलट मोठ्या जेटमधून सिलिंडरचा गॅस सोडला तर ज्योत पिवळी पडते आणि पातेल्यांची बुडं काळी होतात. पूर्ण जळायला एक भाग प्रोपेनला सुमारे २४ भाग हवा लागते, मिथेनला साधारण साडेनऊ.

स्वयंपाकघरात हे माप कंपनी बसवून देते. घरगुती बटाटातोफेत ते हौशी माणसाच्या अंदाजावर असतं.

अमेरिकेत आणि युरोपात हा छंद बराच पसरलेला आहे: नळीत बटाटा ठासायचा आणि मागे जळाऊ वायूचा भडका उडवायचा. बटाटा फेकायची कल्पना मात्र जुनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर विमानविरोधी ‘होल्मन प्रोजेक्टर’ असायचा. कॉर्नवॉलमधल्या खाणयंत्रं बनवणाऱ्या होल्मन ब्रदर्सनी तो तयार केला होता. वाफेच्या किंवा दाबलेल्या हवेच्या जोरावर तो बॉम्ब फेकायचा आणि शत्रू दिसत नसला की खलाशी त्यातून बटाटे उडवायचे. तिथे निदान पेटणारा वायू नव्हता.

हौशी तोफेत बहुतेकदा स्प्रेच्या डब्यातला वायू वापरतात आणि घोळ तिथेच होतो. प्रोपेन हवेत साधारण २ ते साडेनऊ टक्के असेल तरच पेटतो, मिथेन ५ ते १५ टक्के. त्याहून कमी असला तर ठिणगी वाया जाते, जास्त झाला तरीही जाते. पहिला बार झकास होतो, दुसरा फुसका, कारण आत जळका धूर कोंडलेला असतो आणि ताजी हवा आलेलीच नसते. मग कुणीतरी वाकून नळीत बघतं. प्लास्टिकचा पाइप फुटला तर त्याच्या धारदार कपच्या उडतात, ती भीती वेगळीच. हौसेखातर एवढी जोखीम घ्यावी असं त्यात काहीही नाही.

आपल्याकडे बटाटातोफेची जागा कार्बाइड गनने घेतली आहे. माकडं आणि पाखरं हाकलायला शेतात वापरलं जाणारं हे साधन २०२५च्या दिवाळीत भोपाळच्या बाजारात दीड-दोनशे रुपयांना खेळणं म्हणून विकलं गेलं. मध्य प्रदेशात शंभराहून जास्त लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात बरीचशी मुलं होती आणि काहींची दृष्टी गेली. बार झाला नाही म्हणून आत डोकावताना स्फोट झाल्याचं अनेक जखमींच्या बाबतीत समोर आलं.

यामागचं रसायन निर्दय आहे. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू निघतो. वेल्डिंगच्या दुकानात लोखंड कापतात तो हाच. हवेत तो अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पेटतो, म्हणजे चुकीचं माप असं जवळजवळ उरतच नाही. ज्योतही मिथेनच्या कितीतरी पट वेगाने धावते. शिवाय कार्बाइड आणि पाणी शिल्लक असेपर्यंत वायू तयार होतच राहतो, त्यामुळे बार न झालेली नळी विझलेली नसते.

आता गंमत पाहा. हायड्रोजनही असाच बेलगाम, ४ ते ७५ टक्के. तरी तो सुरतेतच चुलीपर्यंत पोचला आहे. एनटीपीसी या वीजनिर्मिती कंपनीच्या कवास प्रकल्पाच्या आदित्यनगर वसाहतीत जानेवारी २०२३पासून पाइपच्या गॅसात हरित हायड्रोजन मिसळला जाऊ लागला. हरित हायड्रोजनचा देशातला हा पहिला प्रयोग. तरंगत्या सौर पॅनेलच्या विजेवर पाण्याचं विघटन करून तो बनवतात आणि सुरुवातीला ५ टक्के एवढंच प्रमाण मंजूर झालं. आकारमानाने हायड्रोजनची उष्णता मिथेनच्या जेमतेम तिसरा हिस्सा, पण थोडाच मिसळला तर त्याच शेगडीवर स्वयंपाक होतो.

कार्बाइड गनमध्ये ना मीटर, ना झडप. त्यात मागे उरतो तो चुना. अल्कली असल्याने तो बुबुळात खोलवर मुरत जातो आणि भाजल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. डोळ्यात उडालाच तर चोळू नये, तूप किंवा दूध घालू नये. स्वच्छ पाण्याची धार लगेच धरून निदान अर्धा तास धुवावं आणि शक्य तितक्या लवकर नेत्रविभाग गाठावा. पापणीखाली अडकलेले कण डॉक्टरांनाच काढू द्यावेत.