विश्लेषण : बाळाला वरणाचे पाणी पुरते का? सहा महिन्यांनंतर वाटीत नेमके काय हवे?

बाळ सहा महिन्यांचे झाले की घरात उष्टावणाची तयारी सुरू होते. मामा येतो, चांदीची वाटी निघते, खिरीचे बोट बाळाच्या ओठांना लागते, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून मात्र खरा प्रश्न असतो : आता रोज काय द्यायचे? बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते. ‘डाळीचे वरचे पाणी दे, भाताची पेज दे, हलके असते, पचते.’

हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. पण बाळाचे वजन सहाव्या-सातव्या महिन्यानंतर अडते, त्यामागे अनेकदा हेच पातळ पाणी असते. ते कसे, हे समजून घेऊ.

सहा महिनेच का?

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध पुरते. वरचे पाणीसुद्धा लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. त्यानंतर मात्र दोन गोष्टी बदलतात. बाळाची ऊर्जेची गरज एकट्या दुधातून भागेनाशी होते आणि जन्मतः शरीरात साठवलेले लोह संपत येते. आईच्या दुधात लोह फारच कमी असते. त्यामुळे सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचा आहार सुरू करावा आणि स्तनपान दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार, देशात ६ ते ८ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम ४६ टक्के बाळांना आईच्या दुधासोबत घट्ट किंवा अर्धघट्ट आहार मिळत होता. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांमध्ये पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण अवघे ११ टक्के होते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली.

पातळ पाण्याचा हिशेब काय सांगतो?

आईचे दूध पिणाऱ्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या आहारातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. ९ ते ११ महिन्यांत हा आकडा ३०० वर जातो आणि वर्षानंतर ५५० वर.

आता दीडशे मिलीच्या आमटीच्या वाटीने मोजू. साधारण १० ग्रॅम मूगडाळ, म्हणजे चहाचे दोन चमचे, वाटीभर पाण्यात शिजवली, तर त्या डाळीच्या कॅलरी सुमारे ३५. संपूर्ण डाळ पाण्यात उतरली असे धरले, तरी २०० कॅलरींसाठी बाळाला सहा वाट्या पाणी प्यावे लागेल. प्रत्यक्षात आपण वरचे निवळ पाणी देतो आणि डाळ खाली राहते. म्हणजे कॅलरी आणखी कमी.

याउलट २० ग्रॅम तांदूळ, १० ग्रॅम मूगडाळ एकत्र मऊ शिजवून त्यात चहाचा चमचाभर तूप घातले, तर त्याच एका वाटीत जवळपास १४५ कॅलरी येतात. अशी अर्धी-अर्धी वाटी दिवसातून तीनदा खाल्ली की गरज भागते.

बाळाच्या पोटाची क्षमता वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली असते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २०० मिलीच्या आसपासच मावते. ती जागा पाण्याने भरली की बाळ शांत झोपते, घरच्यांना ‘पोट भरले’ असे वाटते. पण अंगी काही लागत नाही आणि पोट भरलेले असल्याने ते दूधही कमी पिते. तोटा दुहेरी होतो.

घट्ट म्हणजे किती घट्ट?

त्यासाठी सोपी चाचणी आहे. चमच्यात अन्न घ्या आणि चमचा थोडा तिरका करा. अन्न चमच्यावर टिकून राहिले, तर ते योग्य. लगेच ओघळले, तर पातळ.

मिक्सरमध्ये पाणी घालून गाळून घेण्याची गरज नाही. वरण-भात पळीने किंवा हाताने कुस्करला तरी पुरतो. गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, नाचणीची घट्ट खीर, कुस्करलेले केळे, उकडलेले रताळे किंवा लाल भोपळा ही सुरुवात चांगली. घट्टपणा वयानुसार वाढवत न्यायचा :

६ ते ८ महिने : दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून २ ते ३ वेळा.
९ ते ११ महिने : बारीक तुकडे, हाताने धरून खाता येईल असे पदार्थ; ३ ते ४ वेळा.
१२ महिन्यांनंतर : घरातलेच जेवण, कमी तिखट, ३ ते ४ वेळा आणि मध्ये एक-दोनदा खाऊ.

बाळ चमचा जिभेने बाहेर ढकलते. त्याचा अर्थ ‘नको’ असा नसतो. गिळण्याची सवय नसल्याने जीभ तशी हलते. नवा पदार्थ आठ-दहा वेळा द्यावा लागतो. जबरदस्ती मात्र करू नये आणि मोबाइल दाखवून भरवणेही टाळावे.

घशात अडकणार नाही का?

पातळ देण्यामागची खरी भीती हीच असते. मऊ, कुस्करलेले अन्न बसवून भरवले, तर धोका कमी असतो. धोका असतो अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे यांचा. शेंगदाण्याचे बारीक कूट खिचडीत चालते, अख्खा दाणा नाही. झोपवून भरवू नये आणि खाताना बाळाला एकटे सोडू नये.

फक्त वरण-भात पुरेसा आहे का?

ऊर्जेसाठी हो, लोहासाठी नाही. महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. म्हणून अंडे, मासे, मटण किंवा चिकन खाणाऱ्या घरांनी ते नीट शिजवून, बारीक करून सहा महिन्यांनंतर द्यावे. त्यासाठी वर्ष संपण्याची वाट पाहण्याची गरज नाही. शाकाहारी घरांत डाळी, पालेभाज्या आणि सोबत लिंबाचे थेंब द्यावेत, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते.

‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहयुक्त सिरप देण्याची तरतूद आहे. ते मिळते का, हे आशाताईंना जरूर विचारा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहारही मिळतो.

काय देऊ नये?

चहा-बिस्कीट : चहामुळे लोह शोषले जात नाही, बिस्किटात साखर आणि मैदाच जास्त.
मध : एक वर्षापर्यंत अजिबात नाही. त्यातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. उष्टावणाच्या वाटीतही मध नको.
वरून मीठ-साखर : पहिल्या वर्षात गरज नाही.
गाई-म्हशीचे दूध : वर्षापर्यंत मुख्य आहार म्हणून नको, त्यात लोह कमी असते.

दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचे डब्यातील दूध आणि आहार यांच्या जाहिरातींवर देशात कायद्याने बंदी आहे. मूळ कायदा १९९२ चा असून २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही मोबाइलवर ‘हे दिले की वजन वाढते’ असे व्हिडीओ दिसले, तर सावध राहा.

आजारपणात काय करावे?

जुलाब-तापात अन्न बंद करून पेजेवर ठेवणे चूक आहे. स्तनपान चालू ठेवावे, थोडे-थोडे मऊ अन्न द्यावे, जुलाबात ओआरएस द्यावे. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे. बाळ सुस्त झाले, पीत नसेल किंवा शौचात रक्त दिसले, तर थेट डॉक्टरांकडे न्यावे.

सगळे बरोबर चालले आहे, हे कसे ओळखावे?

दर महिन्याला वजन करा आणि माता व बाल संरक्षण कार्डावरील आलेखात त्याची नोंद करून घ्या. रेषा वर जात असेल, तर काळजी नको. ती आडवी झाली किंवा खाली वळली, तर अंगणवाडी सेविका किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि घरात आजी वरणाचे पाणी देण्याचा आग्रह धरत असतील, तर वाद घालू नका. वाटी तीच ठेवा, डाळही तीच. फक्त पाण्याखाली राहिलेली डाळ त्यातच घोटा, भात आणि तूप घाला आणि चमचा तिरका करून दाखवा.